परदेशी जाताना जुनी क्रेडिट कार्डं बंद करावीत का?

"ताई, न्यू जर्सीला निघायच्या आधी तिन्ही कार्डं बंद करू का? दोन तर वापरतच नाही. सिबिल (उधारी कशी फेडतो त्यावरून मिळणारा स्कोअर) पडेल का?" असं तू विचारलंस. मुलुंडहून निघताना मलाही सगळे 'झंझट नको, बंद करून टाक' असंच सांगत होते. माझं मत: सगळी बंद करू नकोस.

समजा लिमिट 3 लाख, दीड लाख आणि 50 हजार आहे, म्हणजे एकूण 5 लाख. महिन्याचा खर्च 60 हजार, म्हणजे वापर 12 टक्के. 3 लाखांचं कार्ड बंद केलंस की तोच खर्च 2 लाखांवर मोजला जाणार, थेट 30 टक्के. एक रुपया जास्त न उडवता तू जास्त उधारीवर जगणारा दिसतोस. तू गेल्यावर कार्ड नुसतंच पडून राहणार असेल, तर हे फारसं लागू नाही. पण आईबाबांचं वीजबिल, औषधं त्यावरच जाणार असतील तर नक्की लागू आहे.

सगळ्यात जुनं कार्ड लाइफटाइम फ्री असेल तर ठेव, जुना इतिहास कामाला येतो. वार्षिक फी असलेलं मात्र बिनधास्त बंद कर. फी लागते, वर 18 टक्के जीएसटी, ओटीपी बंद पडलेल्या सिमवर, आणि बँकेचं खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं इथलं खातं) करताना खात्याचा नंबर बदलला तर ऑटो-पे अडकतो. मग लेट फी, व्याज आणि सिबिलमध्ये थकबाकी. ती नोंद कार्ड बंद करण्यापेक्षा कितीतरी जास्त भोवते. म्हणून मुंबईचा मोबाइल नंबर रोमिंगवर चालू ठेवच.

डोंबिवलीच्या फ्लॅटच्या कर्जाला बाबांबरोबर तुझं नाव लागणार आहे म्हणालास. ते मंजूर होईपर्यंत एकाही कार्डाला हात लावू नकोस.

बंद करताना आधी रिवॉर्ड पॉइंट वापर, बाकी शून्य कर आणि अर्ज लेखी दे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बाकी नसेल तर बँकेने 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला 500 रुपये तुला द्यायचे. विमानाच्या आधी महिनाभर हे उरक, कारण खात्री करायला फोन इथल्याच नंबरवर येतो. नंतर सिबिलचा रिपोर्ट काढून खातं 'क्लोज्ड' झालंय ना ते बघ. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

अमेरिकेत सिबिल आपोआप सोबत येत नाही. तिथला फायको स्कोअर पहिलं खातं किमान 6 महिने जुनं झाल्यावरच तयार होतो, त्यामुळे पोचल्यावर एखादं डिपॉझिटवर मिळणारं सिक्युअर्ड कार्ड लवकर घे.