रिपोर्टात ‘एम-बँड’ निघाला

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. नेहमीच्या तपासणीत रक्तातील एकूण प्रथिने वाढलेली दिसल्यामुळे पुढील चाचण्या झाल्या आणि ०.८ ग्रॅमचा ‘आयजीजी’ (एक प्रकारचे प्रतिपिंड) प्रकारचा एम-बँड निघाला. लाइट चेनचे (प्रतिपिंडांच्या छोट्या साखळ्यांचे) गुणोत्तर मात्र प्रमाणात आहे. डॉक्टरांनी ‘एमगस’ असे निदान केले. हा कर्करोग आहे का, आणि असे कितीजणांना होते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हा कर्करोग नाही आणि दुर्मिळ तर मुळीच नाही. वडिलांच्या रिपोर्टावरचा आलेख पाहा : डावीकडचा उंच सुळका अल्ब्युमिनचा असतो, तर उजव्या टोकाला, जिथे एरवी बुटक्या पसरट टेकडीसारखा उंचवटा असतो, तिथे एखादी अरुंद टोकदार सुई उभी दिसेल. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा) एकच गट एकाच साच्याचे प्रथिन तयार करू लागला की ही सुई, म्हणजेच एम-बँड, उमटते. तिचे प्रमाण डेसीलीटरमागे ३ ग्रॅमपेक्षा कमी, अस्थिमज्जेतील अशा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी आणि हाडे, मूत्रपिंडे, हिमोग्लोबिन व कॅल्शियम यांवर त्यामुळे कोणताही परिणाम झालेला नसेल, तर त्या अवस्थेला एमगस म्हणतात.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड काउंटीत पन्नाशी गाठलेल्या २१ हजारांहून अधिक रहिवाशांचे रक्त तपासून डॉ. रॉबर्ट काइल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत एकूण ३.२ टक्के, सत्तरीपुढे ५.३ टक्के आणि ८५ च्या पुढे ७.५ टक्के लोकांत एमगस आढळले. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा अधिक होते. म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या साधारण वीसजणांत एक! तिथले बहुतेक रहिवासी गौरवर्णीय होते आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे प्रमाण दुप्पट-तिप्पट असते, त्यामुळे हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत. लक्षणे नसल्याने बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. तुमच्या वडिलांचेही योगायोगानेच कळले.

एमगसचे रूपांतर मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) किंवा तत्सम आजारात होण्याची शक्यता सरासरी वर्षाला १ टक्का असते. वडिलांच्या रिपोर्टातील तिन्ही गोष्टी मात्र अनुकूल आहेत : एम-बँड दीड ग्रॅमच्या आत, प्रकार आयजीजी आणि गुणोत्तर प्रमाणात. अशा गटात वीस वर्षांत मिळून ही शक्यता सुमारे ५ टक्के आढळली आहे. औषधाची गरज नाही. सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करा. आकडा स्थिर राहिला, तर पुढे दोन-तीन वर्षांनी एकदा पुरते. मधल्या काळात हाडे सतत दुखू लागली किंवा हिमोग्लोबिन उतरू लागले, तर मात्र तारखेची वाट न पाहता रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.