पंतप्रधान शाळकरी मुलांशी बोलले, तर त्यात लोकांना चिडण्यासारखं काय असतं?

भाषणाला फारसा कोणाचा आक्षेप नसतो, सक्तीला असतो. ५ सप्टेंबर २०१४ ला, शिक्षक दिनी, मोदी दिल्लीतून देशभरातल्या मुलांशी बोलले, तेव्हाही वाद पेटला तो परिपत्रकांवरून: टीव्हीची सोय करा, मुलं बसवा. शेवटी तेव्हाच्या शिक्षण खातं सांभाळणाऱ्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणींना हे ऐच्छिक असल्याचं सांगावं लागलं. पण वरून कागद आला की ऐच्छिक काय नि सक्तीचं काय, कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारा!

आमच्या नागपुरात, निदान महाल भागात, मी ऐकलेली कुरकुर राजकारणाची कमी आणि वेळेची जास्त होती. कार्यक्रम दुपारी तीनचा, त्यात गणपतीचे दिवस. सकाळपाळीच्या पोरांना परत कोण आणून सोडणार? ओळखीच्या एका शाळेत हॉलभर मुलांसाठी एकच टीव्ही, मागच्या रांगांना नुसता आवाज.

पोरांनी मात्र एक उत्तर बरोबर टिपलं. पंतप्रधान कसं व्हायचं, असं इंफाळच्या मुलाने विचारलं, तर मोदी २०२४ च्या निवडणुकीची तयारी कर म्हणाले.

तिकडे अमेरिकेतही २००९ मध्ये ओबामांच्या शाळेतल्या भाषणावरून पालक बिथरले होते. व्हाइट हाउसने आदल्या दिवशीच भाषण जाहीर केलं, वाचून बरेच जण गप्प झाले.