ना खूण, ना रेघ. मग प्रवाह मोजतात कसा?

प्रश्न : उपग्रहावरचं रडार समुद्राचा प्रवाह आणि बर्फाचं वाहणं मोजतं म्हणे. पाण्यावर ना खूण ना रेघ, मग ते मोजतं तरी काय?
– एक केळीबागायतदार, यावल

उत्तर : भाऊ, माझं बालपण भुसावळला रुळांशेजारी गेलं. इंजिन शिटी देत जवळ येताना सूर चढा, पुढे गेलं की एकदम उतरलेला. रडार हेच ऐकतं. सेंटिनेल-१ हा युरोपचा रडार-उपग्रह सुमारे ७०० किमी उंचीवरून साडेपाच सेंटिमीटरच्या रेडिओ लहरी सोडतो. पाणी त्याच्याकडे सरकत असेल तर परतलेल्या लहरींची वारंवारता वाढते, लांब जात असेल तर घटते. पण किती? उपग्रह स्वतः सेकंदाला साडेसात किमी धावतो, प्रवाह जेमतेम मीटरभर! म्हणून उपग्रहाचा वेग, पृथ्वीचं फिरणं, अँटेनाचा कल, सगळं वजा करायचं. वाऱ्याने उठलेल्या लाटांचा वाटाही काढायचा. खरी डोकेदुखी तीच. शिवाय रडारच्या नजरेला आडवा जाणारा प्रवाह यात सापडतच नाही.

बर्फाला मात्र खुणा असतात. तापीला पूर आला की आम्ही काठावरून वाहतं केळीचं खोड हेरायचो आणि ते पुलापर्यंत किती वेळात पोचतं ते मोजायचो. तसंच दिवस-दोन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांत संगणक तीच भेग, तोच तुकडा शोधतो. ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीचं नि ढगांचं रडारला काही नाही. रडार नव्हतं तेव्हा नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन याने मात्र बर्फाचं हे वाहणं तपासायला १८९३ मध्ये ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवलं आणि ते जवळपास तीन वर्षं वाहत राहिलं.