पहिला व्हॉल्व्ह अँप: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

मित्रा, घरी गिटारचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अँप्लिफायर बनवायचा असेल, तर पहिल्याच फटक्यात पन्नास वॅटच्या मागे लागू नकोस. फेंडर कंपनीच्या चॅम्प या छोट्या अँपचं ५एफ१ सर्किट घे. त्यात तीनच व्हॉल्व्ह: सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७, स्पीकरला ताकद द्यायला एक ६व्ही६, रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ५वाय३. पाचेक वॅट मिळतात; शेजाऱ्यांनी दार ठोठावायला तेवढे पुरतात.

काटकसर डब्यात (बाहेरच्या पेटीत) कर, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या) नको. २३० व्होल्टचे ९ व्होल्ट करणारा साधा ट्रान्सफॉर्मर त्या जागी ८ ओहमच्या स्पीकरला गणितात बसतो, पण त्याच्या लोखंडी गाभ्यात एअर गॅप (बारीक फट) नसते. व्हॉल्व्हच्या डीसी करंटने तो सॅच्युरेट होतो (गाभ्यात आणखी चुंबकत्व मावत नाही) आणि खर्जाची पार वाट लागते. गॅपवालाच गुंडाळून घे.

अँप बंद केल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरवर (डीसी गुळगुळीत करणाऱ्या, वीज साठवणाऱ्या भागावर) ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात. ते उतरवायला त्याला समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर लाव. तरीही मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालायचा नाही. आणि हो, स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नकोस.