गावच्या सामाईक जागेत निवास-न्याहारी सुरू करायची आहे, सगळ्या हिस्सेदारांची संमती कशी मिळवावी?

आधी सातबारा काढा. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. त्यात मयत आजोबांचं नाव अजून असेल तर वारसनोंद करून फेरफार मंजूर करून घ्या. नाहीतर सही नेमकी कोणाची हवी, इथेच गाडी अडते. इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं, नाव आहे का, तेही बघा. जागा भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे, नियम लागू शकतात. ते न बघता बैठक बोलावू नका.

बैठक गणपतीत घ्या, मुंबईचे चाकरमानी तेव्हाच सापडतात. पण कागद महिनाभर आधी पाठवा आणि मोठ्या काकांशी वेगळं बोला. चारचौघांत पहिल्यांदा ऐकलं की माणूस "बघू" म्हणतो, आणि ते "बघू" पुढच्या गणपतीपर्यंत चालतं.

खरी भीती पैशांची नसते, सही केली की हिस्सा गेला याची असते. म्हणून संमतीपत्रात स्पष्ट लिहा: "हे हक्कसोडपत्र नाही, मालकी हक्कात बदल होणार नाही." खर्च कोणाचा, नफा कसा वाटायचा, मे महिन्यात घरच्यांसाठी किती खोल्या राखायच्या, आंबे-नारळ कोणाचे, हेही त्यातच. आंब्यांवरून फार बिनसतं.