जागतिक आरोग्याच्या इंटर्नशिपमध्ये मन आणि शरीर पार थकले, तर काम सोडावे का?

लगेच सोडू नये, आधी कामाच्या वेळा बदलून घ्याव्यात, असे मला मनापासून वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा थकव्याला, म्हणजे बर्नआउटला, आजार न म्हणता, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी स्थिती म्हटले आहे. तेव्हा दोष स्वतःच्या जिद्दीत शोधू नका. मी मुंबईतून हे काम करत असताना, उन्हाळ्यात जिनिव्हा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्यामुळे, तिथली संध्याकाळी पाचची बैठक इथे रात्री साडेआठला सुरू होई, आणि नंतर कर्जत लोकलच्या दारापाशी उभी राहून मी मोबाइलवर निवेदनाचा मसुदा दुरुस्त करत असे. अखेर आठवड्यातून दोनच रात्री बसेन, असे मी वरिष्ठ बाईंना लेखी कळवले आणि त्यांनी ते मान्यही केले. या क्षेत्रातली कामे वर्षानुवर्षे चालतात: क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोघींनी बेडाक्विलिन या क्षयरोगावरच्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्याला भारतात २०१९ मध्ये घेतलेली हरकत २०२३ मध्ये मान्य झाली. इतकी वर्षे चालणाऱ्या कामात तुमची एक रात्रीची झोप खर्ची पडण्याचे कारण नाही. मात्र झोपच उडाली असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आजच बोला. तिथे मराठीतही बोलता येते.