फवारणीनंतर पुन्हा पिसवा दिसल्या म्हणजे औषध फसलं असं नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मांजर फार खाजवत होतं म्हणून त्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकले आणि घरभर फवारणी करून घेतली. आठवडाभर बरं वाटलं, आणि बाराव्या दिवशी पिसवा पहिल्यापेक्षा जास्त दिसायला लागल्या. कुत्रा खाजवत नाही, म्हणून त्याला काही लावलं नाही. तुम्ही दर आठवड्याला आईकडे जाता, तर तिच्या घरी त्या पोचतील का ही एक धास्ती. आणि दीड महिन्याने बहीण रांगत्या बाळाला घेऊन राहायला येणार आहे, तिला येऊ द्यावं की नको, ही दुसरी.

मी बारा वर्षं टाकून दिलेली पिल्लं घरी आणते, वाढवते आणि ती धडधाकट झाली की चांगल्या घरी देते. माझ्या घरात पिसवा तीनदा झाल्या, आणि एकदा तर माझ्याकडून दुसऱ्याच्या घरी गेल्या. ते पुढे सांगते. आधी तुमच्या बाराव्या दिवसाबद्दल.

जनावराच्या अंगावरची मादी पिसू रक्त प्यायली की दिवस-दोन दिवसांत अंडी घालायला लागते, आणि जोमात आली की दिवसाला 40 ते 50 घालते. अंडी गुळगुळीत असतात, केसांत टिकत नाहीत. मांजर जिथे झोपतं, अंग झाडतं, जिथून उडी मारून उतरतं तिथे ती सांडतात. त्यांच्याबरोबरच मोठ्या पिसवांची विष्ठाही सांडते. ती म्हणजे वाळलेलं रक्त, आणि अळ्यांचं खाणं तेच. अळीला उजेड नको असतो आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती गालिच्याच्या मुळाशी, पलंगाखाली, फरशीच्या फटीत शिरते. तिथे ती कोष विणते.

सगळी गोम या कोषात आहे. एका दुपारी मी सोफ्याची गादी काढून शिवणीत बॅटरी मारून पाहत होते. जिऱ्याच्या दाण्याएवढा धुळीचा गोळा चिकटलेला दिसला. झटकला, पडेना. नखाने काढून तळहातावर घेतला, तर वरून धूळ आणि मांजराचे केस आणि आत पांढरट रेशमी वीण. थोडासा दाबला आणि काही क्षणांत त्यातून तरतरीत पिसू बाहेर आली. खोलीत दहा दिवसांपूर्वी फवारणी झालेली होती. औषध त्या विणीच्या आत पोचतच नाही. आत पूर्ण तयार झालेली पिसू आठवडे, हवामान मानवलं तर काही महिने, नुसती थांबून राहते. चालण्याची थरथर, वजनाचा दाब, अंगाची ऊब, श्वास यांतलं काही जाणवलं की बाहेर पडते. बंद घर उघडून आत गेल्याबरोबर घोट्यांवर पिसवा तुटून पडतात, त्याचं कारण हेच.

म्हणजे तुम्हाला बाराव्या दिवशी दिसल्या त्यांतल्या पुष्कळशा फवारणीच्या दिवशी कोषात होत्या. औषधाने मोठ्या पिसवा मारल्या, त्याचं काम झालं. पण दुसरं कारण तुमच्या अंगणात झोपतंय. कुत्रा खाजवत नाही याचा अर्थ त्याच्या अंगावर पिसवा नाहीत असा होत नाही. ज्या जनावराला पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते ते दोन-चार चाव्यांनी बेजार होतं, ज्याला नसते ते ढिम्म असतं. मांजरावरची पिसू आणि कुत्र्यावरची पिसू बहुधा एकाच जातीची असते. आजच खात्री करून घ्या. पांढरा कागद ओला करा, त्यावर कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी बारीक दातांच्या फणीने विंचरा. काळे कण पडले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ते रक्त आहे. साध्या मातीचा असा डाग पडत नाही.

आता औषधाबद्दल, आणि इथे मी हात जोडून सांगते. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या पुष्कळ थेंबांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराचं शरीर पचवू शकत नाही. माझ्याकडे एक मांजर अशा अवस्थेत आणलं गेलं होतं. कातडी लाटेसारखी थरथरत होती, कान फडफडत होते, आणि तासाभरात झटके सुरू झाले. ते वाचलं, कारण मालकीण वाट न बघता सरळ डॉक्टरकडे गेली. औषध लावलेल्या कुत्र्याच्या कुशीत मांजर झोपलं तरी धोका असतो. घरात दोन्ही जनावरं असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा, म्हणजे कुत्र्यासाठीही मांजराला न बाधणारं औषध देतील. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर तेही सांगा, कारण काही नव्या गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात. मात्रा वजनावर ठरते. मोठ्या जनावराची ट्यूब अर्धी अर्धी वाटून घ्यायची नाही. लसूण खाऊ घालणं, टी ट्री तेल चोळणं, रॉकेलचा बोळा फिरवणं, यांतलं काहीही करू नका. लसणाने जनावराचं रक्त बिघडतं, आणि तेल मांजर चाटून पोटात घेतं. अगदी लहान पिल्लांना फणी आणि साबणाचं पाणी एवढंच, बाकी डॉक्टरांना विचारून. पिसवा फार झाल्या तर एवढ्याशा पिल्लाचं रक्त कमी होऊन ते दगावू शकतं, म्हणून त्यात दिरंगाई नको.

घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी औषध, आणि किमान तीन महिने खंड न पाडता. इतके दिवस का? कोषातून नवी पिसू बाहेर येणार, ती भुकेली असणार, ती जनावरावर उडी मारणार. तिथे औषध असेल तर अंडी घालायच्या आत ती मरते. तुमची जनावरंच सापळ्याचं काम करतात. म्हणून पिसवा आहेत तोवर जनावर नातेवाइकांकडे पाठवणं चूक. पिसवा तिकडे पोचतात आणि इथला सापळाही जातो.

घरात रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, पहिले दोन आठवडे तर नक्कीच. सोफ्याच्या फटी, पलंगाखाली, भिंतीच्या कडा. त्याने अंडी आणि अळ्यांचं खाणं उचललं जातं, आणि थरथरीने कोष फुटतात, ते आपल्याला हवंच असतं. पिशवी लगेच घराबाहेर नेऊन बांधून टाका, यंत्रात ठेवू नका. व्हॅक्यूम नसेल तर कोरड्या झाडूने अंडी इकडची तिकडे उडतात, त्यापेक्षा फर्निचर सरकवून ओल्या फडक्याने पुसा. जनावरांची अंथरुणं, पायपुसणी, अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात धुवा. पुन्हा फवारणी करायचीच असेल तर पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन असलेली घ्या, त्याने अंडी आणि अळ्यांची वाढ थांबते आणि परिणाम पुष्कळ दिवस राहतो. खोलीच्या मधोमध ठेवून धूर सोडणारे डबे मला पटत नाहीत. तो धूर उघड्या जागी बसतो आणि पलंगाखाली, जिथे अळ्या असतात, तिथे पोचत नाही. फवारताना माशांची टाकी झाका, तिचा पंप बंद ठेवा, आणि सगळं वाळेपर्यंत माणसं-जनावरं बाहेर.

आता आईचं घर. अंगावर जागा मिळालेली पिसू सहसा जनावर सोडत नाही. त्यामुळे एका घरातून दुसऱ्या घरात पिसवा मुख्यतः जनावराच्या अंगावरूनच जातात. तुमच्या पायजम्यावर एखादी नुकती बाहेर पडलेली पिसू बसून जाऊ शकते, पण आईकडे कुत्रं-मांजर नसेल तर तिचा संसार तिथे उभा राहत नाही. ही पिसू माणसाला चावते, माणसावर राहत नाही. तेव्हा आईला भेटणं बंद करू नका. निघताना धुतलेले कपडे घाला, बूट बाहेर झटका, जमिनीवर पडलेली बॅग नेऊ नका. जनावर आणि जनावराची कुठलीही वस्तू मात्र न्यायची नाही. आईकडे मांजर असेल तर त्यालाही आत्ताच औषध लावून घ्या.

वस्तूंचा धोका मला दुसऱ्यांच्या त्रासातून कळला. एका कुटुंबाला मी दोन पिल्लं दिली, त्यांना ओळखीचा वास राहावा म्हणून टोपलीही दिली. पिल्लं स्वच्छ होती, टोपली धुतली होती, पण आतली जाड गादी मी फक्त उन्हात झटकली होती. महिन्याभरात त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाचे पाय चाव्यांनी भरले. ते आधी आपल्याच घराला दोष देत होते. मी जाऊन सांगितलं की हे माझ्याकडून आलंय, आणि तीन महिने त्यांच्या पिल्लांच्या औषधाचं मी पाहिलं. तेव्हापासून माझ्या घरातून पिल्लाबरोबर कापडी वस्तू जात नाही. वापरलेला सोफा किंवा गालिचा घरात आणतानाही हीच काळजी घ्या. आणि तुमचा खराब झालेला गालिचा टाकायचाच असेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, फाडून टाका, म्हणजे कोणी उचलून घरी नेणार नाही.

शेजाऱ्यांना सांगा. लाज वाटते, मला कळतं, पण पिसवा घाणेरड्या घरातच होतात ही समजूत चुकीची आहे. जिन्याखाली भटकी मांजरं झोपत असतील, तर तुम्ही एकट्यांनी कितीही केलं तरी त्या परत येत राहतील. इमारतीत उंदीरही असतील तर आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. मेलेला उंदीर थंड पडला की त्याच्यावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात, आणि उंदरावरच्या पिसवांमधून माणसाला गंभीर आजार होऊ शकतात.

बहिणीला सगळं खरं सांगा आणि तारीख थोडी सैल ठेवा. चाव्यांनी बाळाला खाज आणि पुरळ येईल. शिवाय पिसू चुकून गिळली गेली तर पट्टकृमी होऊ शकतो, क्वचित होतो, पण रांगतं बाळ सगळं तोंडात घालतं. जनावराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो हाच जंत, त्याचंही औषध घ्या. बाळ येण्याच्या तोंडावर फवारणी करू नका, जी करायची ती आत्ता. मग एक दिवसाआड गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून प्रत्येक खोलीत पाच मिनिटं सावकाश चाला, पलंगाजवळ आणि सोफ्याजवळ जास्त वेळ. रात्री दिव्याखाली उथळ ताटलीत साबणाचं पाणी ठेवा. मोजे आणि ताटली सलग दोन आठवडे रिकामी राहिली तर बहिणीला बोलवा. मध्ये एक जरी पिसू दिसली तर दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजा. आणि ती येऊन गेल्यावरही तीन महिने पूर्ण होईपर्यंत दोन्ही जनावरांचं औषध चालूच ठेवा.